आठ सेकंद वळूच्या पाठीवर: मुलींचं बुल रायडिंग समजून घेताना

मोबाईलवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. हेल्मेट घातलेली एक लहानशी मुलगी वळूच्या पाठीवर बसलेली असते. लोखंडी फाटक उघडतं, वळू उसळ्या मारत गोल फिरू लागतो आणि दोन-तीन सेकंदांत मुलगी धुळीत आदळते. खाली आपल्याकडच्या लोकांच्या प्रतिक्रिया साधारण दोनच प्रकारच्या असतात. एक, 'वाघीण आहे पोरगी'. दुसरी, 'हिच्या आईबापांना काही कळतं की नाही?'

मला दोन्ही पटतात, आणि म्हणूनच हा विषय नीट उलगडावासा वाटतो. कारण या मुली नवलाईपुरत्या एकदा बसून उतरत नाहीत, त्या वर्षानुवर्षं स्पर्धा खेळतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यामधल्या आर्लिंग्टन या छोट्या गावची नजाया नाइट २०२० मध्ये १३ वर्षांची होती. पायूट या मूलनिवासी जमातीतली ही मुलगी तेव्हा 'मिनी बुल रायडर्स' या लहान वयाच्या स्पर्धकांच्या मालिकेत मुलांच्या बरोबरीने उतरत होती. या खेळातली सगळ्यात मोठी व्यावसायिक संघटना म्हणजे 'प्रोफेशनल बुल रायडर्स', थोडक्यात पीबीआर. तिच्या सर्वोच्च मालिकेत उतरणारी पहिली स्त्री व्हायचं, हे ध्येय नजायाने तेव्हापासून उघडपणे सांगितलं आहे.

आठ सेकंदांत नेमकं होतं काय?

रोडिओ म्हणजे अमेरिकेतल्या गुराख्यांच्या कामांतून तयार झालेला स्पर्धांचा मेळा. टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग, मोंटाना अशा राज्यांत तो गावोगाव भरतो. दोर टाकून वासरू पकडणं, बिथरलेल्या घोड्यावर टिकून राहणं ही रँचवरची, म्हणजे तिथल्या गुरांच्या मोठ्या शेतांवरची, खरीखुरी कामं होती. वळूवर बसण्याचा मात्र कुठल्याच कामात उपयोग नाही. ते पहिल्यापासून हिंमत पाहण्यासाठीच आलं.

स्पर्धेचा वळू ७०० ते ९०० किलोंचा असतो. त्याला एका अरुंद लोखंडी कप्प्यात उभं करतात. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती एक वेणीसारखा विणलेला दोर फिरवतात. स्वार वशिंडाच्या मागे बसतो, हातमोज्याला राळ चोळतो, म्हणजे पकड चिकट होते. मग दोराच्या मुठीत तळवा घालून दोराचं टोक हाताभोवती घट्ट गुंडाळतो. त्याने मान डोलावली की फाटक उघडतं. तिथून पुढे आठ सेकंद टिकायचं, तेही एकाच हाताच्या आधाराने. मोकळा हात वळूला, दोराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला तर स्वार बाद.

गुण १०० पैकी असतात: ५० स्वाराचे आणि ५० वळूचे. वळू किती उंच उसळला, मागच्या लाथा कशा झाडल्या, गरगर फिरताना दिशा किती वेळा बदलली हे सगळं मोजलं जातं. म्हणजे मवाळ वळू वाट्याला आला तर आठ सेकंद पूर्ण करूनही गुण कमीच पडतात. जिंकायचं असेल तर अवघड जनावरच हवं, असा दबाव या गुणपद्धतीतच आहे. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी एवढं लक्षात असू द्या.

मेंढीपासून सुरुवात

कोणतीही मुलगी थेट वळूवर बसत नाही. चार ते सातच्या वयात मेंढीपासून सुरुवात होते. 'मटन बस्टिंग' म्हणतात त्याला. मूल मेंढीच्या पाठीवर पालथं पडून लोकर घट्ट धरतं, मेंढी पळत सुटते, सहा सेकंद टिकलं की टाळ्या. बहुतेक ठिकाणी मुलाच्या वजनाला २५-२७ किलोंची मर्यादा असते आणि हेल्मेट आणि छातीचं संरक्षक जाकीट घातलेलं असतं. त्यानंतर वासरं, मग खच्ची केलेले तरणे बैल, मग ठेंगणे वळू आणि शेवटी पूर्ण वाढीचे.

मेंढीच्या पायरीवर मुलगे आणि मुली दोघंही असतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वर जावं तशा मुली गळत जातात. रोडिओत मुलींसाठी रुळलेला मार्ग वेगळा आहे: पिंपांभोवती घोडा पळवायची बॅरल रेसिंग शर्यत. त्यात वेग आहे, कौशल्य आहे, बक्षिसाची रक्कमही चांगली आहे. ज्या मुली तो मार्ग न धरता वळूच्या कप्प्याकडे जातात त्यांना बहुधा आजूबाजूला दुसरी मुलगी दिसत नाही.

बायकांना हा खेळ नवा आहे का?

अजिबात नाही, आणि हा इतिहास मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोडिओत बायका बिथरलेल्या घोड्यांवर सर्रास बसत, आणि त्यांना तिकीट काढून बघायला येणारा प्रेक्षकही मोठा होता. बॉनी मॅकॅरोल ही त्यांतली नावाजलेली. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये ओरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत तिचा घोडा कोसळला, पुन्हा उठला आणि उसळू लागला. ती खाली पडली होती, पण पाय रिकिबीत अडकलेला. घोड्याने तिला तसंच फरपटत नेलं. काही दिवसांनी इस्पितळात तिचा मृत्यू झाला.

आता बारकावा बघा. बायकांना बसणं सोपं जावं म्हणून तेव्हा दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधून ठेवायची पद्धत होती. त्यामुळे रिकिबी हलत नाहीत, बैठक स्थिर राहते. पण पडताना पाय चटकन सुटत नाही. बायकांच्या सोयीसाठी म्हणून केलेली व्यवस्था बॉनीच्या जिवावर बेतली. त्यावर आयोजकांनी धडा काय घेतला? पेंडलटनने बायकांची ही स्पर्धाच बंद केली. पुढे इतर मोठ्या रोडिओंतूनही बायकांच्या अशा स्पर्धा हळूहळू गेल्या. पुरुषही या खेळात मरत होते, पण पुरुषांची स्पर्धा बंद करावी असं कुणी म्हटलं नाही.

१९४८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे ३८ जणींनी एकत्र येऊन 'गर्ल्स रोडिओ असोसिएशन' काढली. आजची बायकांची व्यावसायिक रोडिओ संघटना ती हीच. त्यांच्या स्वतःच्या रोडिओंमध्ये बायका वळूवरही बसत. मोंटानातल्या बिलिंग्जची जॉनी जॉन्कोव्स्की १९८६ आणि १९८८ अशी दोनदा बायकांची विश्वविजेती झाली. पुढे या स्पर्धा पैशाअभावी आणि स्पर्धकांअभावी क्षीण होत गेल्या. म्हणून आजची तेरा-चौदा वर्षांची मुलगी खेळायचं ठरवते तेव्हा तिला मुलांच्याच रांगेत उभं राहावं लागतं.

मुलीचं शरीर यात कमी पडतं का?

बघणाऱ्याला वाटतं की हा ताकदीचा खेळ आहे. पण ८०० किलोंच्या जनावराशी ताकदीने झगडायचं म्हटलं तर पहिलवानही हरेल. टिकतो तो तोल सांभाळणारा. वळूचा पुढचा भाग वर आला की छाती पुढे न्यायची, मागच्या लाथा उडाल्या की कंबर मागे बसवायची, तो वळला की नजर आणि मोकळा हात त्याच दिशेला आत न्यायचा. मांड्यांची पकड, कमरेचा लवचीकपणा आणि पुढची उसळी आधीच ओळखण्याची सवय यावर सगळं चालतं. अव्वल पुरुष स्वारसुद्धा बहुतेक चणीने लहानच असतात.

वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांची मुलगी मुलांना हरवते यात आश्चर्य काही नाही. पुढे मात्र फरक पडतो. मुलांची मनगटं, खांदे, मुठीची पकड भराभर वाढते, आणि दोर हातातून सुटू न देण्यासाठी ती पकड लागतेच. मुलीला ही उणीव सरावाने आणि तंत्राने भरून काढावी लागते. ते अवघड आहे पण अशक्य नाही. मुली हे करू शकतात का, या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे असंच मी मानते.

मग धोका नेमका कुठे आहे?

सगळ्यात आधी एक गैरसमज. धोका आठ सेकंदांत आहे असं वाटतं, पण बराचसा धोका नंतर सुरू होतो. १९८९ च्या जुलैमध्ये वायोमिंगमधल्या शायेन इथे लेन फ्रॉस्ट या २५ वर्षांच्या माजी विश्वविजेत्याने आठ सेकंद पूर्ण केले, गुण मिळवले आणि उतरताना तो चिखलात पडला. वळूने मागून येऊन त्याच्या पाठीत शिंग दाबलं. शिंग आत घुसलं नाही, पण बरगड्या मोडल्या आणि आतल्या रक्तवाहिन्या फाटल्या. तो तिथेच गेला. त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने त्यानंतर छातीचं संरक्षक जाकीट तयार केलं, आणि आज प्रत्येक स्वाराच्या अंगावर दिसतं ते हेच. त्याने कितीतरी जीव वाचवले. तरीही २०१९ च्या जानेवारीत डेन्व्हरमध्ये मेसन लो या २५ वर्षांच्या स्वाराच्या छातीवर वळूचा पाय पडला तेव्हा जाकीट अंगात असूनही तो वाचला नाही.

वाईटातली वाईट अवस्था म्हणजे हात दोरात अडकणं. स्वार एका बाजूला लोंबकळतो आणि वळू गोल फिरतच राहतो. दोराला खाली एक घंटा बांधतात, तिच्या वजनाने दोर सैल होऊन गळून पडावा म्हणून. वळूला हुलकावणी देऊन आपल्याकडे वळवणारे दोन-तीन जण रिंगणात असतात, त्यांना बुलफायटर म्हणतात. अडकलेला हात सोडवायला तेच धावतात. व्हिडिओत ते कोपऱ्यात कुठेतरी दिसतात, पण स्वाराचा जीव त्यांच्याच हाती असतो.

आता लहान मुलांपुरतं बोलू. पहिली गोष्ट डोक्याची. हेल्मेटने कवटी फुटण्यापासून आणि चेहरा चिरडण्यापासून बचाव होतो. मेंदूचं तसं नाही. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा करवंटीवर आपटताना ऐकू येतो, करवंटीला बाहेरून ओरखडाही नसतो. डोक्याला जोराचा हिसका बसतो तेव्हा मेंदूचं असंच काहीसं होतं. या हादऱ्याला कन्कशन म्हणतात. तो बसायला डोकं कुठे आपटावं लागतंच असं नाही, मानेला बसलेला झटकासुद्धा पुरतो. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मान बारीक, त्यामुळे हिसका जास्त जाणवतो. सॉकर, बास्केटबॉल अशा मुलं आणि मुली सारख्याच नियमांनी खेळतात त्या खेळांत कन्कशनच्या नोंदी मुलींमध्ये अधिक सापडतात. शिवाय पहिला हादरा पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते, आणि हे बहुतेक वेळा कोवळ्या वयातच घडतं. 'मला काही झालं नाही, मी बसते' असं म्हणणाऱ्या मुलीला म्हणूनच रोखावं लागतं.

दुसरी गोष्ट हाडांची. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो, हाड तिथून वाढतं. त्याला इजा झाली तर तो हात किंवा पाय वाकडा वा आखूड वाढू शकतो. मुलींमध्ये हा थर साधारण १३ ते १५ वर्षांत आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांत पक्का होतो. म्हणजे या एका बाबतीत मुलगे जास्त काळ नाजूक असतात. हे कुणी सांगत नाही.

'कुठल्या खेळात लागत नाही?'

हा आक्षेप नेहमी येतो. घोड्यावरून पडूनही मुलं दगावतात, अमेरिकन फुटबॉलमध्ये डोकी आपटतात, हे खरंच आहे. फरक दोन आहेत. बाकीच्या खेळांत पडणं ही चूक असते, इथे ते ठरलेलंच असतं. आठ सेकंद टिका किंवा टिकू नका, शेवटी चालू जनावरावरून जमिनीवर यायचंच आहे. दुसरा फरक त्या जनावराचा. घोडा शक्यतो माणसावर पाय देत नाही. वळू फिरून अंगावर येऊ शकतो.

रोडिओत जखमींवर उपचार करणाऱ्या जस्टिन स्पोर्ट्समेडिसिन या पथकाच्या अनेक वर्षांच्या नोंदींमध्ये सगळ्या रोडिओतल्या जवळजवळ निम्म्या दुखापती एकट्या बुल रायडिंगच्या आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांच्या बॉक्सिंगला २०११ मध्ये उघड विरोध करून चुकली आहे. बॉक्सिंगमध्ये निदान समोरचा आपल्या वजनाचा असतो.

आणि हे आकडे मोठ्यांपुरते राहत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलायनात १४ वर्षांचा एक मुलगा स्पर्धेत वळूवर बसला आणि त्या पडण्यातून उठलाच नाही. त्याच्या बातमीखाली 'मुलगे कशाला बसवता?' असा प्रश्न मला फारसा दिसला नाही. तिथे मुलगी असती तर तो पहिला प्रश्न असता.

'तिलाच हौस आहे, आणि आईवडिलांनी सही केली आहे'

हौस खरी असते यात शंका नाही. या मुली बहुतेक अशा घरांतल्या असतात जिथे बाप, काका, भाऊ वळूवर बसलेले आहेत, अंगणात सरावाचं पिंप दोरांवर टांगलेलं आहे, सुट्टीत सगळं घर गाडीत बसून रोडिओला जातं. गावात दुसरं काही नसतं. कॉलेजला रोडिओची शिष्यवृत्ती मिळते, आणि पीबीआरच्या विश्वविजेत्याला १० लाख डॉलरचा बोनस असतो. हे जग बाहेरून बघून वेडेपणाचं ठरवणं सोपं आहे. पण या आईवडिलांना वळू काय करू शकतो हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, कारण त्यांनी स्वतः हाडं मोडून घेतलेली असतात.

सहीचा मुद्दा मात्र डळमळीत आहे. स्पर्धेआधी पालक 'दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' अशा कागदावर सही करतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायालयं म्हणतात की मुलाचा दावा करण्याचा हक्क आईवडिलांना असा सोडून देता येत नाही. कोलोरॅडोत २००२ मध्ये न्यायालयाने असाच निकाल दिला, तर पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा करून पालकांना तो अधिकार दिला. म्हणजे एका राज्यात जी सही चालते ती शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

हा पेच आपल्याला परका नाही. दहीहंडीच्या वरच्या थरावर लहान मूल चढवायचं की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांची अट घातली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आणि २०१७ मध्ये ती अट १४ वर्षांवर आली. तेव्हाही घरची संमती होती, मुलांना हौस होती, परंपरेचा अभिमान होता. तरी मूल ते मूलच, त्याच्या वतीने कुणीतरी बाहेरून रेघ ओढली पाहिजे हे न्यायालयाने मान्य केलं. ती रेघ मुलगे आणि मुली असा भेद न करता ओढली गेली, हे मला विशेष मोलाचं वाटतं.

आणि वळूचं काय?

बैलगाडा शर्यतींवरचा वाद ऐकलेल्या मराठी माणसाच्या मनात हे येणारच. थोडक्यात सांगते. वळूच्या मागच्या भागात कमरेभोवती जो दोर बांधतात तो वृषणांना आवळलेला असतो असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. तो मऊ दोर पोटाच्या मागच्या भागाला स्पर्श करत राहतो आणि वळू तो झटकायला लाथा झाडतो. स्वाराच्या टाचेला लावलेली चक्री बोथट असते. उसळणारे वळू खास पैदास करून वाढवतात, त्यांच्या वंशावळीची डीएनए नोंद ठेवतात, आणि चांगल्या वळूची किंमत प्रचंड असते. त्रास नसतो असं मी म्हणणार नाही. गर्दी, गोंगाट, प्रवास, तो दोर, हे सगळं जनावराला नकोसंच असतं. पण हा मुद्दा स्वार मुलगा आहे की मुलगी यावर अवलंबून नाही.

रेघ कुठे ओढायची?

पीबीआरच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरायला १८ वर्षं पूर्ण लागतात. त्या वयाच्या मुलीने सगळं समजून-उमजून वळूवर बसायचं ठरवलं तर तिला अडवायचा हक्क कुणालाच नाही, आणि ती बाई आहे म्हणून तर नाहीच नाही. खालच्या वयात मात्र राज्याराज्यांत, संघटनेसंघटनेत वेगळे नियम आहेत. गावच्या छोट्या रोडिओत तर आयोजकाच्या मर्जीवर चालतं.

माझं मत सांगते. हेल्मेट घालून मेंढीवर बसणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीबद्दल मला चिंता नाही. चौदापर्यंत मुलगा असो की मुलगी, शिंगं असलेल्या जनावरावर बसवूच नये. चौदा ते अठरा या वयात जनावर स्वाराच्या वजनाच्या हिशोबाने निवडलेलं असावं, वळूच्या आक्रमकतेला गुण नसावेत, फक्त स्वाराच्या कौशल्याला असावेत. रिंगणात शिकलेले बुलफायटर आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय फाटक उघडू नये. डोक्याला हादरा बसला की डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा बसणं बंद, मग अंतिम फेरी असली तरी.

असे नियम गुराख्यांच्या जगात कुणी मानणार नाही, असं म्हणतात. पण हेल्मेटच्या बाबतीत काय झालं ते बघा. काउबॉय हॅट ही तिथली शान. ती काढून हेल्मेट घाला असं जुन्या स्वारांना सांगणं अवघड होतं. पीबीआरने २०१३ मध्ये मार्ग काढला: १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं, त्याआधी जन्मलेल्यांनी हवं ते घालावं. जुन्यांच्या डोक्यावरची हॅट कुणी काढून घेतली नाही, आणि नवी पिढी पहिल्या दिवसापासून हेल्मेट घालूनच आली. वयाचा नियमही असाच आणता येईल. जी मुलं आज मेंढीवर बसतात त्यांच्यापासून तो लागू करावा. आज तेरा-चौदा वर्षांच्या ज्या मुली वळूवर बसतातच, त्यांना खेळाबाहेर काढायची गरज पडणार नाही. त्यांच्यासाठी आत्ताच हवेत ते शिकलेले बुलफायटर, त्यांच्या मापाचं जाकीट आणि जवळ उभा असलेला डॉक्टर.